महानंदामावशींचं गाऱ्हाणं

महानंदामावशींच्या तोंडून नातवंडांबद्दल एक बरा शब्द निघेल तर शपथ! नांदेडला तरोडा नाक्याजवळ एका दुमजली घरात, वरच्या मजल्यावर, आम्ही समोरासमोर भाडेकरू होतो. इतक्या दिवसांच्या शेजारात त्यांचा बरा शब्द मी एकदाच ऐकला, आणि तो ऐकायची वेळ आली नसती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पहिल्या दिवशीची गोष्ट. आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं. कडेवर वर्षाचा ईशान रडत होता, पायाशी चार वर्षांची मीरा शू आली म्हणून नाचत होती. समोरच्या उंबऱ्यावर एक गुटगुटीत पोरगं भाकरीचा तुकडा चोखत बसलेलं. ओळख काढावी म्हणून मी म्हटलं, "अगंबाई, किती गोड! गाल तर बघा केवढे!" आतून साठीची एक बाई धावतच आली. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तिनं पोरगं झटक्यात उचललं. "थू थू! कसले गाल? सूज हाय ती. जंत झालेत पोटात," म्हणाली आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी म्हटलं, झालं! चांगला शेजार मिळाला.

अर्ध्या तासानं तेच दार उघडलं आणि त्याच बाई वरणभाताचं पातेलं घेऊन आल्या. "घ्या. लेकरं उपाशी असतील तुमची. आमच्या मेल्यांनी काही खाल्लं न्हाई, उरलंच हाय." मग मीराकडं निरखून बघत म्हणाल्या, "काय ओ, ही तर अगदीच काळंबेंद्रं ध्यान दिसून राहिली." माझं डोकंच फिरलं. त्या घरात याहून मोठं कौतुक कुणाच्या वाट्याला येत नाही, हे कळायला मला सहा महिने लागले.

मावशी उदगीरकडच्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक, रेणू, धर्माबादला दिली होती. जावई मिरचीच्या अडतीवर कामाला. धाकटा पाच महिन्यांचा असताना रेणू काविळीनं आठ दिवसांत गेली, आणि "जरा मोठी होईपर्यंत ठेवा" म्हणून जावयानं दोन्ही पोरं आजीकडं आणून सोडली. दर उन्हाळ्यात लाल मिरचीची एक पिशवी यायची त्याच्याकडून, आणि दिवाळीला तो स्वतः. पोरांची नावं श्रेया आणि शिवम. मावशींच्या तोंडी मात्र 'काळी' आणि 'उकिरड्या'.

"मावशी, सोन्यासारख्या पोराला उकिरड्या काय म्हणता हो?" मी एकदा न राहवून विचारलं. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "हळू बोला. रेणूच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर मी म्हणले होते, माझी लेक सोनं हाय सोनं. काय झालं मग? ह्या तोंडानं आता लेकरांचं चांगलं बोलायचं न्हाई, ठरवून टाकलंय मी." मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. काविळीचे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात. कावीळ घाणेरड्या पाण्यानं होते, बोलण्यानं होत नाही, हे मी त्यांना चांगलं दहा मिनिटं समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते तुमचं खरंच असंल बाई. पण तेवढं तोंड सांभाळल्यानं कुणाचं काय बिघडतंय?" यावर लॅबमध्ये शिकलेलं काहीच उपयोगी पडेना.

तेव्हा मी स्वतःच पोरांना विटलेली होते, हे कबूल करते. नवरा हिंगोलीला नोकरीला, शनिवारी उगवायचा आणि सोमवारी पहाटे मावळायचा. बाकी डबे, डायपर, ताप, पाळणाघर, लॅब, सगळं माझ्या डोक्यावर. संध्याकाळी जिन्यात बसून मावशी मेथी निवडायच्या, मी पण जुडी घेऊन शेजारी टेकायची, आणि दोघी पोरांची गाऱ्हाणी सांगायचो. "काळीनं आज दोन भाकरी गिळल्या. पोट हाय का आड हाय?" "दिवसभर आजी, आजी, आजी! माझं नाव झिजवून टाकलं कार्ट्यांनी." मला वाटायचं, माझ्यासारखीच वैतागलेली एक बाई भेटली. तेवढ्यावर माझा दिवस निभायचा.

एकदा शिवमला ताप आला. रक्त मीच काढून नेलं. प्लेटलेट्स खाली येत होत्या, आणि मावशी एकदम गप्प झाल्या. "कसा आहे?" विचारलं की "हाय," एवढंच. मेथीची जुडी मांडीवर तशीच, एक काडी निवडलेली नाही. पाचव्या दिवशी सकाळी समोरून केवढ्यानं तरी ओरडणं ऐकू आलं, "अयो शिवा शिवा! बघा हो बाई, सगळं पीठ सांडलं मेल्यानं!" मी हातातली कणीक टाकून पळाले. पोरगं ज्वारीच्या पिठात बसून दोन्ही हातांनी पीठ उडवत होतं. मावशी कपाळावर हात मारून त्याला शिव्या घालत होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी झाडू घेतला तर माझा हात धरला. "राहू द्या जरा वेळ. घाई काय हाय?"

मग माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. ही बाई रोज संध्याकाळी गाऱ्हाणं सांगत नव्हती. पोरगी जेवली, पोरगं खेळलं, दोघांनी हाक मारली, याचा हिशेब देवाला कळवत होती, आणि कुणाची नजर पडू नये म्हणून वरून चिखल लावून ठेवत होती. दुसऱ्या दिवशी मीरानं दुधाचा पेला लवंडला. एरवी धपाटा ठरलेला. त्या दिवशी मी संध्याकाळची वाट बघितली आणि जिन्यात बसल्या बसल्या म्हटलं, "मावशी, आमच्या भवानीनं आज अर्धा लिटर दूध सांडलं! अर्धा लिटर!" मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. "शिकलात की," म्हणाल्या आणि गालात हसल्या. खरं सांगते, पोरं तीच, पसारा तोच, माझी दुखरी कंबरही तीच. पण दिवसभराचं सांगायला काहीतरी आहे म्हणून मला पोरांचे उपकार वाटायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मग तो रविवार आला. जावयानं दुसरं लग्न केल्याचं मावशींना आधीच कळलं होतं. "करू दे की. एकट्या बाप्याचं कसं निभावं?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी तो, त्याचा थोरला भाऊ आणि नव्या बायकोचे वडील असे तिघं आले. मावशींनी मला मदतीला बोलावलं. मी मुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला टाकला, चहा ठेवला. पोरांना न्हाऊमाखू घालून, तेल लावून भांग पाडून बसवलं होतं. नव्या सोयऱ्यांनी शिवमकडं बघून, "तब्येत चांगली केली हो लेकरांची," म्हटलं, आणि मावशींचा चेहरा उतरला. परका माणूस, पहिल्यांदाच घरात आलेला, आणि त्याची नजर थेट पोराच्या गालांवर!

"कसली तब्येत!" मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "नुसता तरास हाय दोघांचा. जीव खाऊन राहिलेत माझा. काळी तर एक मिनिट बसू देत न्हाई. मेटाकुटीला आले बघा."

थोरल्या भावानं बशी खाली ठेवली. "मग कामून एवढे हाल करून घेता मामी? आता घरात आई आलीय त्यांची. घेऊन जातो आम्ही. तुम्हीच म्हणून राहिल्यात तरास होतो म्हणून."

तो उदगीर-धर्माबादच्याच मातीतला माणूस. 'तरास'चा अर्थ त्याला कळत नव्हता, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. जावई मान खाली घालून सुशीला चिवडत होता. मावशींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता काय म्हणणार? लेकरं गुणी आहेत, त्यांच्यावाचून मला घास उतरत नाही, असं त्या सहा परक्या डोळ्यांसमोर म्हणायचं? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. 'अहो, या बाईची तशी बोलायची रीत आहे,' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं मला. पण सोयऱ्याधायऱ्यांच्या बोलण्यात शेजारणीनं कशाला तोंड घालायचं, असं वाटलं आणि मी चहा दिला. चहा दिला मी! दारात श्रेया चपला हातात घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती, ते माझ्या नंतर लक्षात आलं. चार वाजता दोन्ही पोरं गेली.

"माझ्या तोंडानं गेली लेकरं," हे एकच वाक्य पुढं मावशी बोलत राहिल्या. मी त्यांना शंभरदा सांगितलं की ते ठरवूनच आले होते, जीपची मागची सीट रिकामी ठेवून आले होते, तुम्ही काहीही म्हणाला असता तरी नेलीच असती. "आणि मी 'तरास न्हाई' म्हणले असते तर?" त्या विचारायच्या. तो प्रश्न मला स्वतःलाही लागू होता ना! जिन्यात त्या अजून बसायच्या, पण मेथी आणायच्या नाहीत. एकट्या जिवाला कितीशी भाजी लागते? माझं गाऱ्हाणं ऐकायच्या आणि विचारायच्या, "अजून काय काय केलं लेकरांनी?"

पंधरा-वीस दिवसांनी जावयानं माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल केला. मावशींचा फोन बटणांचा. मी पळत जाऊन माझा त्यांच्या हातात दिला. पडद्यावर श्रेया. मागं कुणीतरी तिला 'बोल' म्हणत होतं. ती हळूच म्हणाली, "आजी, मी आता काहीच तरास देत न्हाई. ताटातलं सगळं संपवते. शिवमला पण गप बसवते. आता येऊ का?"

मावशींनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "न्हाई माय," त्या म्हणाल्या, "तू कधीच तरास दिला न्हाईस. लई गुणाची हायेस तू. माझी दोन्ही लेकरं सोनं हायेत, सोनं." आणि तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर पदरानं तोंड दाबलं. मला वाटलं त्या रडतायत. तर नाही. घाबरल्या होत्या. "धरा हो, फोन धरा, बंद करू नका!" मला फोन देऊन आत पळाल्या. मुठीत मीठ, मोहरी आणि धर्माबादच्याच सात मिरच्या घेऊन आल्या. "काळे, हलू नको गं." आणि माझ्या हातातल्या मोबाईलवरून मूठ उतरवायला लागल्या. "आल्याची, गेल्याची, सोयऱ्याची, धायऱ्याची..." मग मूठ आणखी एकदा फिरली. "आजीच्या तोंडाची."

मिरच्या गॅसवर टाकल्या. जळताना ठसका लागला नाही तर दृष्ट होती म्हणतात, लागला तर नव्हती. त्या दिवशी असा ठसका लागला की खालून घरमालक ओरडले. "न्हाई लागली, न्हाई लागली," मावशी खोकत खोकत म्हणत होत्या. ठसक्यानं डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळं दोघींची सोय झाली. फोन कधी बंद झाला ते कळलंच नाही. त्यानंतर फोन कमी कमी होत गेले. मी कितीदा लावला, पण लेकरं शाळेत असायची, नाहीतर बाहेर.

दीड वर्षानं मावशी गेल्या. नळावर पाणी भरताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मातीला पोरं पोचली नाहीत. उदगीरच्या भाच्यानं नंतर त्यांच्यातलं दिवसांचं, गणाराधनेचं जेवण घातलं, त्याला जावई बायको-पोरांना घेऊन आला. शिवमनं मला ओळखलं नाही. श्रेया सात वर्षांची झाली होती. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक. तिला मी मीराशेजारी जेवायला बसवलं. आमच्या भवानीनं पहिल्या पाच मिनिटांत वरण मांडीवर घेतलं, पापडाचा चुरा शेजारच्या ताटापर्यंत नेला. श्रेया खाली मान घालून जेवली. ताट पुसून घेतल्यासारखं लख्ख. बाहेर एक शीत सांडलं नाही. मग मला म्हणाली, "काकू, मी उठून तुम्हाला वाढू लागू का?"

"लई शहाणी हाय ओ," तिची नवी आई मला कौतुकानं म्हणाली. बाई साधी होती, मनापासून बोलत होती. "अजिबात तरास न्हाई हिचा."

मी मागं वळून बघितलं. थू थू म्हणायला कुणी नव्हतं.

मी वरणाची बादली घेतली, श्रेयाच्या वाटीत काठोकाठ वरण ओतलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "तू दोन भाकरी खायचीस, आजी आजी करून घर डोक्यावर घ्यायचीस, आणि तुझी आजी रोज संध्याकाळी मला ते मोठ्या आनंदानं सांगायची," मी म्हटलं. त्या रविवारी बोलायचं वाक्य मी असं दीड-पावणेदोन वर्षांनी बोलले. "सांड गं बाई थोडं. काही होत नाही."

तिनं दोन्ही हातांनी वाटी घट्ट सावरून धरली.