पत्ता नसलेल्यांच्या शैलाताई

शैलाताई गेल्या. त्या "शांत आणि मनमिळाऊ" होत्या, असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय.

साफ खोटं.

त्या भांडखोर होत्या. म्हणून आज मी कागदावर आहे.

आई मला घेऊन वाशिमहून पुण्यात आली. मार्केट यार्डात कांदे निवडायची. आजारपणात ती गेली, भाडं थकलं, खोलीमालकाने सामान बाहेर काढलं. त्यात माझी दाखल्यांची पिशवी गेली ती गेलीच.

मी एकोणीस वर्षांची होते. यार्डातल्या शेडमध्ये ओळखीच्या बायकांच्या मधोमध झोपायचे.

तशातही खराडीच्या एका कंपनीत डेटा एन्ट्रीसाठी सिलेक्ट झाले. एचआरने विचारलं, "आयडी?"

आधार केंद्रावर गेले.

"पत्त्याचा पुरावा?"

"पत्ताच नाही."

"मग कार्डही नाही. नेक्स्ट."

नेक्स्ट शैलाताई होत्या. रिटायर्ड शिक्षिका, राहणार सदाशिव पेठ. स्वतःचा मोबाइल नंबर बदलायला आल्या होत्या.

"अहो, ही मुलगी तुम्हाला दिसतेय ना? मग ती पृथ्वीवर कुठेतरी राहत असणारच."

"मॅडम, तुमचा काय संबंध?"

"रांगेत तिच्या मागे उभी आहे. एवढा पुरे."

नियमात सोय होती. सरकारी अधिकाऱ्याने फोटोवर सही करून दाखला दिला की काम होत होतं. पण ज्याच्याकडे जाऊ तो म्हणायचा, "मी हिला ओळखत नाही."

ताई मला थेट घरी घेऊन आल्या. "आता इथेच राहायचं. बघू, कोण ओळखत नाही ते."

सोसायटीने मीटिंग बोलावली. चेअरमन म्हणाले, "कोण, कुठली, जात काय, काही माहीत आहे का आपल्याला?"

ताई म्हणाल्या, "जात विचारलीत, तेवढं मिनिट्समध्ये लिहा. खाली पहिली सही माझी."

मीटिंग तिथेच संपली.

ताईंची एक जुनी विद्यार्थिनी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती; तिची सही चालणार होती. ती घरी आली, माझ्याशी बराच वेळ बोलली आणि मगच तिने सही केली.

कार्ड आलं त्या दुपारी पोस्टमनने जिन्यातून विचारलं, "निकिता भगवान इंगळे कोण?"

मी दारातच उभी होते.

आतून ताई ओरडल्या, "अगं, सांग ना त्यांना, मीच म्हणून!"

खराडीची ती नोकरी तोवर गेली होती. दुसरी मिळाली, पण बरीच वणवण करून.

ताई मात्र माझ्यापाशीच थांबल्या नाहीत. दर सोमवारी स्टेशनवरची, पुलाखालची मुलंमुली घेऊन केंद्रावर हजर. बाहेर एजंट त्यांच्याकडून पैसे उकळायचे. ताई भर रस्त्यात ओरडायच्या, "फुकट आहे रे! कुणाला काही देऊ नका!"

एकाने दम दिला, "बाई, महागात पडेल."

"माझं वय बघ. धमकी खरी करायची तर जरा लवकर कर."

नेहमी जिंकल्या असंही नाही. समीर नावाचा एक मुलगा होता. त्याच्या दाखल्यावर सही मिळाली आणि त्याच आठवड्यात पुलाखालची वस्ती उठवली. तो परत सापडलाच नाही. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सोमवारी पुढच्या मुलीला घेऊन रांगेत उभ्या.

गेल्या आठवड्यात झोपेतच गेल्या. भांडायला समोर कुणी नव्हतं, म्हणूनच जमलं असणार.

आज सोमवार. मी हाफ डे टाकला. स्वारगेटला राहणाऱ्या दोघी बहिणींना घेऊन केंद्रावर गेले.

काउंटरवरचा माणूस माझ्या मागे बघत म्हणाला, "मॅडम नाही आल्या?"

"गेल्या."

त्याने दोघी बहिणींकडे पाहिलं. मग म्हणाला, "यांच्या पत्त्याचं काय?"

मी डॉक्टरांच्या सहीचे दाखले पुढे केले. "पत्ता नाही. नियम आहे. वाचून दाखवू?"

"नको," तो म्हणाला. "बसा."

दोघींचे फोटो निघाले. धाकटी हसली म्हणून तिचा परत काढावा लागला.

ताई, नमस्कार. रडणं घरी जाऊन. इथे अजून रांग आहे.