मुका लॅपटॉप आणि लॅबवाले अण्णा

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजातल्या लॅबवाल्या अण्णांच्या तोंडी सगळ्या कामांना एकच शब्द असायचा, मार. एंटर मार, रिस्टार्ट मार, अडकलेला प्रोग्राम मार. तेही इतक्या जोरात, की नवीन मुलं खुर्चीतून अर्धी उठायची. माणूस सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातला. कीबोर्डवर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. यंदा ते निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. माझा जुना लॅपटॉप अण्णांनीच लिनक्स सिस्टीम घालून चालता केला होता. फक्त आवाज येत नव्हता. "अभ्यासाला आवाज कशाला लागतोय?" असं ते म्हणाले, आणि लॅपटॉप मुकाच राहिला.

मग ताई मेढ्याला माहेरी आली. कानाला तीन टाके होते. दाजींनी तिचा फोन आपटून फोडला होता, पण आतलं मेमरी कार्ड वाचलं होतं आणि त्यात त्या मारहाणीचं रेकॉर्डिंग होतं. आमचे वडील, आबा, मानायला तयार नव्हते. "जावयाचा हात उठला असंल एखादा. उद्या न्यायला येणार हायत, गप जा." ताई अडून बसली तेव्हा म्हणाले, "बरं, ऐकव. मग बघू." पण ते कुणाच्याही फोनमध्ये घालायला ताई तयार नव्हती. "गावभर फिरंल," ती म्हणाली. म्हणून माझा लॅपटॉप आणि त्या दोघांना घेऊन मी अण्णांच्या लॅबमध्ये आले.

लॅपटॉपवर स्पीकरच्या जागी 'डमी आउटपुट' दिसत होतं. म्हणजे आवाज निघतोय, पण कुठंच पोचत नाही. अण्णांनी कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून दिली आणि माझ्या डोक्याशी उभे राहिले.

"साउंडचा प्रोग्राम अडकलाय. मार त्याला. परत उठंल. उठला की परत मार."

ताईचा हात कानाकडे गेला. अण्णांनी ते पाहिलं. ते स्टूल ओढून बसले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, एंटर दाब."

आवाज सुरू झाला, तसं मी कार्डातलं रेकॉर्डिंग लावलं. पट्ट्याचा पहिला फटका ऐकू आला. मग काहीतरी भिंतीवर आदळलं. "बोल, परत बोलशील?" दाजी धापा टाकत होते. आणि ताई आईला नाही, आबांना हाका मारत होती. "आबा, ओ आबा."

अण्णा आवाज कमी करायला वाकले.

"असू द्या," ताई म्हणाली. "अजून हाय."

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "पोलीस ठाणं कुठल्या बाजूला हाय?"

लॅपटॉप बंद करून लावला की आवाज पुन्हा जायचा, म्हणून अण्णा ठाण्यात सोबत आले. मला वाटलं, तिथे ते आरडाओरडा करतील. ते दाराशीच उभे राहिले. ताईचं सांगून झाल्यावर हवालदारांनी मान वर केली. "तुम्ही कोण? पोरीचे काका?"

"न्हाई, साहेब," अण्णा म्हणाले. "नीट ऐकू येतंय का, तेवढं बघायला आलोय."