बिनकिल्लीचा छंद

भोकरदनच्या एका खाजगी संस्थेच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो आणि तो विज्ञान. दोघंही नवे, दोघंही बिनलग्नाचे, एकाच गल्लीत भाड्यानं राहणारे. तो तालुक्यातल्याच एका बागायतदार घरातला. मी अंबड तालुक्यातल्या खेड्यातला, बौद्ध. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचा कुलपांपेक्षा याच गोष्टीशी जास्त संबंध आहे. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत अजून धुमसत होतं.

एका रविवारी तो जालन्याहून परत आला आणि खोलीच्या दारात खिसे चाचपत उभा राहिला. किल्ली कुठंतरी पडली होती. शेजारच्या काकूंनी वरवंटा आणून दिला, "फोडा" म्हणाल्या. पण कुलूप नवंकोरं पितळी, फोडायला त्याचा जीव होईना. आम्ही पायरीवर बसलो. मी सायकलचा एक मोडका आरा उचलला, दगडावर ठेचून त्याचं टोक वाकवलं आणि किल्लीच्या भोकात घालून उगाच चाळा करत राहिलो. त्याच्या बसमधल्या भांडणाची हकिकत चालली होती. मध्येच माझ्या बोटांना आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आणि खट् करून कडी सुटली.

"अरे! कसं केलंस?"

"मला काय माहीत."

"पुन्हा करून दाखव."

संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीनं प्रयत्न केला. कुलूप काही पुन्हा उघडलं नाही. छंद लागला तो यामुळं. एकदा उघडलं म्हणून नव्हे, दुसऱ्यांदा उघडेना म्हणून.

पुढच्या सुट्टीत आम्ही जालन्याला गेलो. मस्तगडला एक म्हातारा भंगारवाला किल्ल्या हरवलेली जुनी कुलपं वजनावर विकायचा. "बिनचावी के तालों का क्या करते साब?" त्यानं विचारलं. "शिकतो," माझा मित्र म्हणाला. म्हाताऱ्यानं आमच्याकडं नीट पाहिलं, मान हलवली आणि थैली भरून दिली.

त्यातल्या एका कुलपाचे रिबिट आम्ही कानशीनं घासून काढले आणि ते उघडून पाहिलं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीच्या पाठीला एक बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते नेमक्या उंचीपर्यंत प्रत्येक पट्टी उचलतात, सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत येतात, आणि मगच आतला खिळा सरकतो. इतकी साधी गोष्ट. या साध्या गोष्टीच्या भरवशावर माणसं दागिने, धान्य आणि लेकीबाळी घरात ठेवून गावाला जातात, हे तेव्हा कळलं.

मग सराव. एका तारेनं खिळ्यावर हलकासा ताण ठेवायचा, दुसरीनं एकेक पट्टी चाचपत वर न्यायची. ताण जास्त झाला की सगळं आवळून बसतं, कमी झाला की उचललेली पट्टी परत खाली पडते. हे तोंडानं सांगायला सोपं आहे. त्याचा हात शेतातला, जोरकस. तो तारा वाकवून टाकायचा आणि कुलपाला शिव्या घालायचा. मला घाई नव्हती. मी डोळे मिटून बसायचो. छत्रीच्या काड्या, करवतीचं मोडकं पातं घासून केलेले आकडे, असा आमचा सगळा सरंजाम. बोटांची टोकं हुळहुळी व्हायची, दुसऱ्या दिवशी खडू धरताना दुखायची. पण पट्टी जागेवर बसल्याचा तो बारीकसा धक्का बोटाला कळला की जो आनंद व्हायचा, तसा मला नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हासुद्धा झाला नव्हता. आमच्या खेड्यातल्या घराला कुलूप नव्हतं. आई-बाप दोघंही मजुरीला जायचे, दार नुसतं ओढून घ्यायचे. आत नेण्यासारखं काय होतं? कुलूप ही दुसऱ्यांच्या घरांची वस्तू, असंच मला लहानपणी वाटायचं. आता ती माझ्या मांडीवर उघडून पडत होती.

एक नियम आम्ही ठरवला आणि पाळला. मालकानं स्वतः बोलावल्याशिवाय कुणाच्या कुलपाला हात लावायचा नाही.

बोलावणी येऊ लागली. कुणाची ट्रंक, कुणाचं दुकान, प्रयोगशाळेचं कपाट. लोकांना मजा वाटायची. एकदा एका मोठ्या घरातून निरोप आला. कपाट माजघरात होतं. त्याला आत नेलं. मला ओट्यावर सतरंजी टाकून दिली. बऱ्याच वेळानं तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "मला जमून न्हाई राह्यलं. तू चल, तुझा हात हलका आहे."

घरच्या आजीबाई त्याच्या मागोमागच आल्या. "राहू द्या ना सर," त्या त्याला म्हणाल्या, "एवढी काय जल्दी आहे? चावी सापडंल कुठंतरी."

त्यानं तारा गुंडाळल्या. मी सतरंजीवरून उठलो. परत येताना तो नव्या कुलपाच्या पट्ट्यांबद्दल बोलत राहिला, आणि मी हूं हूं करत राहिलो.

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तोंडावर शाळेच्या सामानखोलीतला अॅम्प्लिफायर गायब झाला. खोलीला कुलूप होतं तसंच होतं, आतली फळी तेवढी रिकामी. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना तिथं बोलावलं. एकेक करून सगळ्यांची नजर माझ्याकडं आली. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्याकडं कुणीही पाहिलं नाही.

मी कुलूप हातात घेतलं. आज वाटतं, तेवढंच करायला नको होतं. भोकाच्या कडेला एक ओरखडा नव्हता. शिवाय ते दाबून बसणारं कुलूप नव्हतं. किल्ली फिरवल्याशिवाय ते लागतच नसे. मी म्हणालो, "सर, हे तारेनं उघडलेलं न्हाई. किल्लीनं उघडलंय आणि किल्लीनंच परत लावलंय. दुसरी किल्ली कुणाकडं असते?"

दुसरी किल्ली संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी असते, हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "तुम्हाला बरंच माहीत आहे, सर."

दुपारच्या सुट्टीनंतर एक पोलीस शिपाई मला वर्गातून घेऊन गेला. सातवीची मुलं बघत होती. फळ्यावर मी अर्धवट लिहिलेली ओळ तशीच राहिली.

चौकीत जमादारानं मला उभंच ठेवलं. शाळेत मला 'सर' म्हणणारा माणूस होता तो. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. तिथं मात्र थेट अरे-तुरेवर आला.

"कुलपं उघडतोस म्हणं?"

"छंद आहे."

"छंद!" तो बाकीच्यांकडं बघून हसला. "आमच्याकडं येणारे सगळे छंदीच असतेत." मग त्यानं टेबलाच्या ड्रॉवरमधून एक कुलूप काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "उघड."

मी नाही म्हणालो. त्यानं खाकरून पुन्हा सांगितलं, आणि शिपाई माझ्या जवळ येऊन उभा राहिला. मी टेबलावरच्या दोन टाचण्या वाकवल्या. त्या लेच्यापेच्या होत्या, तरी कुलूप हलकं होतं आणि ते उघडलं. खट् झाल्यावर शिपायानं जमादाराकडं पाहिलं.

"झालं," जमादार म्हणाला. "हीच कबुली. आता माल कुठंय ते सांग."

मी ओरखड्यांचं सांगितलं, किल्ली फिरवण्याचं सांगितलं. जितकं समजावून सांगत गेलो तितकं माझ्याच विरुद्ध जात होतं. शिपायानं दोन थपडा मारल्या. फार लागलं नाही. चष्मा खाली पडला, तो मी वाकून उचलत असतानाच दारातून माझ्या मित्राचा आवाज आला.

"त्यांना कशाला आणलं? कुलपं तर मी पण उघडतो."

जमादार उठून उभा राहिला. "या सर, या. बसा ना." खुर्ची आली.

"बसत न्हाई. मला पण धरा. आम्ही दोघं संगतच शिकलो."

"काय चेष्टा करता सर," जमादार हसत म्हणाला.

माझ्या मित्रानं रागारागानं तेच कुलूप ओढून घेतलं. त्याच टाचण्या. त्याच्या जोरकस हातानं एक मोडली, दुसरी वाकली, शिपायानं आपणहून आणखी दोन आणून दिल्या. शेवटी उघडलं. आणि ती माणसं खरोखर खूश झाली. "वा सर! कमाल आहे!" एकानं तर टाळी वाजवली. चहा सांगितला गेला. माझ्यासमोर, माझ्याच गुन्ह्यासाठी.

तो भांबावून माझ्याकडं बघत होता. असं होईल हे त्याला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मला सोडलं ते संध्याकाळी, त्याच्या वडिलांनी फौजदारांना शब्द टाकला म्हणून. मी निर्दोष होतो म्हणून नव्हे. त्याचे वडील मला म्हणाले, "काळजी करू नका गुरुजी, आम्ही आहोत." मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

महिनाभरानं अॅम्प्लिफायर परत आपल्या फळीवर दिसला. अध्यक्षांच्या पुतण्यानं गावाकडच्या साखरपुड्याला नेला होता, घरातल्या किल्लीनं. शाळेच्या शिपायानं तो सायकलवर बांधून आणला आणि हकिकत सगळ्यांना सांगितली. लपवण्यासारखं त्यात कुणालाच काही वाटलं नाही. मी मुख्याध्यापकांकडं गेलो.

"सर, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर एकदा सांगा. एवढंच."

"सांगतो ना. बिलकुल सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा आठवण केली तेव्हा म्हणाले, "सर, सापडलं न्हाई का सामान? मंग आता विषय कशाला वाढवायचा? तुम्ही पण ती कुलपं-बिलपं सोडा. आपल्याला शोभत न्हाई."

आपल्याला म्हणजे मला. कारण त्याला कुणी सोडायला सांगितलं नाही. माझ्या टेबलावर मुलं वाकवलेल्या तारा आणून ठेवायची. वाण्याच्या दुकानात मी गेलो की त्याचा हात आपोआप गल्ल्यावर जायचा. वस्तू चोरीला गेली नव्हती हे त्यालाही माहीत होतं, पण हाताला कोण सांगणार? घरमालकानं मधल्या दाराला नवं कुलूप आणलं. "पोरं लहान हायेत, उगं इकडं-तिकडं जातेत," तो म्हणाला. भारी कुलूप होतं. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवायचो, आणि रोज जाता-येता माझी नजर त्याच्या भोकाकडं जायची. नुसत्या बघण्यानं ते कसं उघडेल हे मनात मांडून व्हायचं. शिकलेली गोष्ट विसरता येत नाही.

त्याच सुमारास माझा मित्र एकदा कुलपांची थैली घेऊन खोलीवर आला. "बस की. किती दिवस झाले."

"मी सोडलं."

"का? लोक काय म्हणतेत म्हणून? अरे, लोकांना काय कळतं!"

"तुला सोपं आहे."

तो दुखावला. "मी आल्तो ना चौकीत तुझ्यासाठी? दुसरं कुणी आल्तं का?"

"आल्तास. तुला खुर्ची दिली."

"त्यात माझा काय दोष?"

"काहीच न्हाई," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. त्याचा दोष असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तो थैली उचलून गेला. पुढं रस्त्यात भेटलो की आम्ही वेळापत्रकावर आणि परीक्षांवर बोलायचो.

दोन-अडीच वर्षांनी मला जालन्याच्या शाळेत जागा मिळाली आणि मी भोकरदन सोडलं. लग्न झालं, मुलगी झाली, कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. त्याची बातमी अधूनमधून कानावर यायची. त्याचा हात पुढं फार चांगला बसला. तालुक्यात कुणाची तिजोरी अडली की त्याला जीपनं घेऊन जायचे. म्हणे फौजदार कचेरीतूनसुद्धा बोलावणं यायचं.

दोन हजार सालानंतर कधीतरी संस्थेचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात त्याचा सत्कार होता, या कलेबद्दल. शाल, श्रीफळ, आणि देणारे तेच अध्यक्ष, आता थकलेले. त्यानं स्वतः फोन केला. "तू यायलाच पाहिजे. स्टेजवर मी तुझं नाव घेणार. पहिलं कुलूप तू उघडलंस, हे सांगणार."

"घेऊ नको," मी म्हणालो.

"अजून तेच धरून बसलास?"

"हो."

त्यानं फोन ठेवला. नाव त्यानं घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. मी गेलो नाही.

सत्काराचा फोटो जिल्ह्याच्या पेपरात आला. बायको सकाळी भाजी निवडत पेपर वाचत होती. चौकीची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

"हे तुमच्यासंगं भोकरदनला होते ना?" तिनं विचारलं. "काय माणूस आहे बघा, बिनकिल्लीचं कुठलंबी कुलूप उघडतेत म्हणं. तुम्हाला पण येतं का असं?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी नुसता शेजारी बसायचो."