दत्ताभाऊंची थर्माकोलची माहुली

किस्से कसे साचतात ते कळत नाही. शहापूरला दत्ताभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानात रोज भंगार साचायचं, पण ते महिन्याला भंगारवाला घेऊन जायचा. किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहिले.

आम्ही तिघे. दत्ताभाऊ वयाने मोठे, सुनील थर्माकोल कापण्यात पटाईत, आणि वायरिंग माझं. दरवर्षी एक मॉडेल करायचं आणि म्हसा गावच्या जत्रेत मांडायचं, एवढीच हौस. दोन हजार सालाच्या आसपास कल्याणला फुटपाथवर लेझरच्या कीचेन मिळायला लागल्या. मी दोन घेऊन आलो. त्या वर्षी माहुलीचा किल्ला होता, आणि त्याच्या तोफेतून लाल झोत सोडायचा असं ठरलं!

भाऊंनी एकच अट घातली. तरुणपणी काळा चष्मा न लावता वेल्डिंग करून त्यांनी डावा डोळा गमावला होता. हातोडी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "कोणाच्या डोळ्यात एक ठिपका जरी गेला, तरी किल्ला मीच फोडीन."

ते गंमत करत नव्हते.

* * *

सुनीलने किल्ल्यावरच्या तळ्याला चंदेरी कागद लावला. दिसायला झकास! लेझर चालू केला, तर तळ्यावर आपटून झोत दुकानभर उधळला. चहावाले आबा नेमके आत आले आणि त्यांच्या पांढऱ्या बनियनवर लाल ठिपका उमटला. आबा पान खायचे. त्यांना वाटलं डाग पडला, आणि ते थुंकी लावून तो पुसत बसले.

चंदेरी कागद गेला, काळा रंग आला. त्या दिवसापासून भाऊंच्या खिशात पांढरा रुमाल. मॉडेलभोवती तो हवेत धरून ठिपका शोधायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग झाला.

* * *

झोत हवेत दिसायला धूर लागतो, म्हणून आम्ही ऊद जाळला. ट्रायल सुनीलच्या गावी, शेणव्याला. झोत गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवला होता, म्हणजे डोळ्यांचा प्रश्नच मिटला असा आमचा हिशेब.

अंधार, उदाचा वास, लाल प्रकाश. पहिल्याच आजीने डोक्यावर पदर घेतला आणि गुडघे टेकून नमस्काराला वाकली! तिच्यामागची रांगही वाकायला तयार. भाऊंनी झेप घेऊन वायर उपटली.

आजी भडकली. "देवाची लाईट का रं घालवली?"

तोवर तीन नारळ जमले होते.

* * *

मग मी झोत सहा फुटांवर नेला. तिथे कोणाचे डोळे पोचणार? भाऊंनी शांतपणे विचारलं, "जत्रेत ल्हान पोरं कुठं असतात रे?"

बापाच्या खांद्यावर असतात. मी वायर सोडवायला बसलो.

* * *

शेवटी अख्खा किल्ला काचेच्या पेटीत बसवला. झोत आतच सुटायचा आणि आतच काळ्या ठोकळ्यावर संपायचा. झाकण उघडलं की लेझर बंद, अशी कळ मी जुन्या फ्रिजच्या दिव्याच्या कळीवरून कल्पना घेऊन, पण उलटी बसवली. त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

परीक्षा भाऊंनीच घेतली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी घालून ते सुनीलच्या खांद्यावर बसले आणि पेटीला फेऱ्या मारल्या. उतरून गुडघ्यावर बसले, वाकले, नमस्कार केला. भाऊंचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, हे सगळं दारातून पाहिलं, डबा खाली ठेवला आणि आल्या पावली घरी गेल्या.

कपड्यांवर एकही ठिपका नव्हता!

* * *

म्हशाला आमच्या काळ्या ताडपत्रीच्या खोपटापुढची रांग बैलबाजारापर्यंत गेली. मुरबाडच्या एका सरांनी विचारलं, कुठल्या इंजिनिअरने केलंय? सुनीलने छाती काढून सांगितलं, "आमीच. तिघंबी दहावी नापास."

शेवटच्या दुपारी आवराआवर करताना मी भाऊंना विचारलं, यंदाचा किल्ला कसा वाटला?

"मी कुठं बगितला?" भाऊ म्हणाले. "तीन दिवस लोकांचे कपडेच बगत होतो. चांगला झालेला का?"

सुनीलने गुंडाळलेली ताडपत्री पुन्हा सोडली. मी पेटीत ऊद पेटवला. भाऊ पेटीपुढे मांडी घालून बसले आणि आम्ही लेझर चालू केला.

त्यांनी आधी खिशातून रुमाल काढून उजव्या डोळ्यापुढे धरला. ठिपका नाही म्हटल्यावर घडी घालून तो खिशात ठेवला आणि ते किल्ला बघत बसले.