अथेनाभोवतीच्या फेऱ्या

वाशिमची उत्कर्षा पुण्यात येऊन बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची थ्रीडी चित्रं करायची. बाल्कनीतून डोंगर हवा म्हटलं की डोंगर ठेवायची. त्या थापांना कंटाळून तिने एका विद्यापीठात नोकरी धरली. तिथे हरवलेल्या वस्तू संगणकात जशाच्या तशा उभ्या करायच्या होत्या.

कुणा गोऱ्या प्राध्यापकाने तिथे जमवलेले ग्रीक-रोमन पुतळे दालनाच्या रंगकामासाठी बाहेर काढले, ते परत आलेच नाहीत. "चोरी नव्हे, स्थलांतर," विभागप्रमुख डॉ. आगाशे ठासून सांगत. कुठे, ते सांगत नसत.

उरले होते विद्यापीठाचं नुसतं कॉलेज होतं तेव्हाच्या स्नेहसंमेलनांचे फोटो. त्यांत अथेना या ग्रीक देवीच्या पुतळ्यापुढे दरवर्षी प्राचार्य उभे. वर देवीचं शिरस्त्राण, खाली प्राचार्यांच्या मिशा.

"सर, पुतळा चहूबाजूंनी दिसायला पाहिजे. नाहीतर मिशांसकट करते," उत्कर्षा म्हणाली.

मग जुन्या फोटोंसाठी माजी विद्यार्थ्यांना आवाहन गेलं. बुधवार पेठेतून दुर्गाबाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. उत्कर्षा त्यांच्या घरी गेली.

"आजी, तुमच्याकडे..."

"आजी मी नातवाची. तुम्ही फोटो बघा."

डबाभर अथेना! समोरून, मागून, कानाजवळून. कडेला मात्र कुठे वेणी, कुठे कोपर.

"बाप्पा! हे कोणी काढले?"

"आमच्या ह्यांनी. काढायचा होता माझा, पण धीर होईना. मग पुतळ्याचा काढतोय असं दाखवत वर्षभर देवीभोवती फेऱ्या घातल्या."

"मग?"

"मग मीच विचारलं, लग्न हिच्याशी करणार आहात का? नाही म्हणाले. फिल्म संपली असेल."

त्या फोटोंवरून अथेना उभी राहिली. उद्‌घाटनाला आगाशे सरांनी छायाचित्रकाराच्या शास्त्रशुद्ध दृष्टीचा गौरव केला, तेव्हा पहिल्या रांगेतून दुर्गाबाई मोठ्याने हसल्या. भाषणं आटोपल्यावर त्या पडद्यापाशी गेल्या.

"हिला फिरवायचं कसं?"

उत्कर्षाने त्यांच्या हातात माऊस दिला. दुर्गाबाईंनी देवी सावकाश फिरवली आणि तिची पाठ समोर आल्यावर थांबल्या.

"हे इथे उभे असायचे," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा फिरवू लागल्या.

मागे कुलगुरू ताटकळत होते. आगाशे खाकरले. दुर्गाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. उत्कर्षाने त्यांना खुर्ची आणून दिली आणि कुलगुरूंना म्हणाली, "सर, तुम्ही तोवर चहा घ्या."