आत्याचा धवला आणि माझा स्टुडिओ

स्टुडिओ विकत घेताना काय काय बघावं, असं अजूनही कोणी ना कोणी मला विचारतं. मी म्हणतो, अहो, मी काय बघायचं विसरलो ते विचारा, ते जास्त उपयोगाचं आहे!

मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मी सात वर्षं वायरी गुंडाळल्या आणि माईक उभे केले. तेवढ्यावर आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत झाली होती. साठ सालच्या आगेमागे बातमी आली, की चौलात एका हौशी शेटजींनी सुपारीच्या वाडीत बांधलेली रेकॉर्डिंगची खोली मशिनसकट विकायला काढलीय. आमचं घराणं मिठागरवाल्यांचं. वडील म्हणाले, "त्यापरीस ट्रक घे." पण मी ऐकतोय कुठला!

भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करीन, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण माझी आत्या होती. ती आमच्या आगरी लोकांतली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं तिच्या गळ्यातून लागली होती. तिचं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं आणि शिकायला कोणी पुढे येत नव्हतं. त्या हिवाळ्यात ती रात्र रात्र खोकत होती. ही गेली तर सगळं तिच्याबरोबर जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग काय, गेलो चौलला. चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवून बघितल्या. भिंतींना काथ्याच्या जाड गाद्या ठोकलेल्या होत्या, टाळी तिथल्या तिथे मरत होती. वा! खाऱ्या वाऱ्यानं मशिनचे स्क्रू गंजलेत का ते बघितलं. शेजारच्या वाडीतला रहाट कुरकुरायचा, म्हणून त्या गड्याशी गोड बोलून ठेवलं. भाताची गिरणी सुरू झाली की दिवा पिवळा पडायचा, फीत रेंगाळायची आणि गाणाऱ्या बाईचा बुवा व्हायचा. तेव्हा गिरणी बंद असतानाच काम करायचं ठरवलं. शेटजी म्हणाले, "एवढं बारीक तर मुलगी बघतानाही कोणी बघत नाही!" मी फुशारून सौदा पक्का केला.

दुसऱ्याच आठवड्यात आत्याला बैलगाडीत घालून आणलं. माईकसमोर पाट मांडला, तिला बसवलं आणि म्हटलं, "हं आत्या, गा."

आत्यानं खोलीभर नजर फिरवली. "लगीन कुनाचं हाय?"

"कोणाचं नाही. नुसतं गायचंय."

"नुसतं?" ती अशी काही बघायला लागली, की जणू मी भर देवळात चपला घालून उभा असावा. "अरे मेल्या, धवल्यात देवांना आवतान असतं. देव यायचे, नि मांडवात नवराच न्हाय! त्यांना सांगू काय? भाच्यानं मशिन घेतलंय?"

मी केळीचे खांब आणतो म्हणालो, हळद आणतो म्हणालो. ती उठलीच. दारात थांबून वर म्हणाली, "आन् ह्या गाद्या काढ. माजा आवाज मलाच परत येत न्हाय. जीव गुदमरतो."

मी रागानं लाल! बारा गावचं पाणी प्यायलेला मी, आणि जन्मभर ज्या लग्नांत जेवलो त्यांतली ही साधी गोष्ट मला आठवू नये? दोन दिवस नुसत्या वायरी गुंडाळत बसलो. तिसऱ्या दिवशी आईला म्हटलं, "ती किहीमकडची मुलगी, दोन वर्षं तुम्ही मागे लागलाय ती. विचारा त्यांना." आईला आनंदानं रडू फुटलं. कारण कळलं असतं तर लाटणंच घेतलं असतं तिनं.

माझी हळद स्टुडिओतच लागली, कारण मशिन जागचं हलत नव्हतं. गाद्या उतरवल्या आणि त्यांवरच बायका बसल्या. मी पाटावर, अंगभर हळद, हातात कट्यार. दिव्याची वात सरसावून आत्यानं डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. आहाहा! तो सूर भिंतीला लागून परत आला, तिचा चेहरा उजळला, आणि माझी नजर मशिनकडे गेली.

बटण दाबायला कोणीच नव्हतं. गावात मशिन चालवता येणारा एकटा मी, आणि मीच नवरा! हळदीच्या पाटावरून नवऱ्यानं उठायचं नसतं. चार हातांवर मशिन, आणि मी तिथे बसून रडकुंडीला आलेलो.

आत्यानं डोळे उघडले. माझं तोंड बघितलं, मशिनकडे बघितलं. आणि चालू धवला जिनं आयुष्यात कधी मोडला नव्हता, ती मध्येच थांबली. बायका दचकल्या. आत्या खाली वाकून देवांना हात जोडून म्हणाली, "वाईच दम धरा." मग मला म्हणाली, "ऊठ. लाव तुजं ते."

मी उठलो. हळदीच्या हातानं बटण दाबलं, तो पिवळा डाग मी कधी पुसला नाही.

पुढच्याच वर्षी आत्या गेली. फितीवर धवले आहेत, कावळे आहेत, बांगड्या आहेत. पण मी सारखं ऐकतो ते अगदी सुरुवातीचं. खरखर होते, आणि आत्या विचारते, "झालं का रं चालू? मंग बस खाली. तुजंच लगीन हाय."