कंपनीला खरी लाली हवी होती

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी खोटं बोलता यायचं नाही. कप फोडला की ही दारामागे उभी राहून आपणहून रडायला लागायची, आईला काही विचारावंच लागायचं नाही. मी मात्र त्या कामात सराईत होते, आणि माझ्या वाटचा मारही पुष्कळदा तिनेच खाल्लाय. म्हणून आधीच सांगून ठेवते, ती मुळात लबाड बाई नाही. तिला लबाडी शिकवली गेली, आणि शिकवणाऱ्यांनी त्या विषयाला 'खरेपणा' असं नाव दिलं होतं.

ती दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची. बाळंतपणाची रजा संपवून गेली तर काउंटरवर दुसरीच कुणी बसलेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, सदान्‌कदा कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर. घरात ही आणि अष्टौप्रहर रडणारी पोर, जिला आम्ही पिटुकली म्हणतो. त्या दिवसांत तिने फोनवर ब्लॉग लिहायला घेतला. पहिला लेख असा सुरू होत होता: 'आज मी बाथरूमचं दार लावलं, नळ सोडला आणि दहा मिनिटं बाळाला रडू दिलं.' कुठल्या कुठल्या बायकांनी त्याखाली आपापली गाऱ्हाणी लिहिली. कुणी नावं ठेवली नाहीत. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्या लेखापुरता तो अजूनही आहे.

मग लेखांचे व्हिडिओ झाले आणि एका कंपनीकडून घरी खोकी यायला लागली. टॉवेल, बाटल्या, दात येताना चावायची रबरी जिराफं. खोक्याबरोबर काय बोलायचं त्याचा कागद. 'थकवा' म्हणायचं नाही, 'गोड दमणूक' म्हणायचं. रडणं दाखवलं तर तीन सेकंदांत हसू आलं पाहिजे. हे कागद पाठवणारी कंपनीतली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, मूलबाळ नाही, आणि माझ्या बहिणीला ती 'मॉमा' म्हणायची. स्वतःच्या आईला तरी अशी हाक मारत असेल का, देव जाणे. मला ती हाक ऐकली की डोक्यात तिडीक जायची.

घराची एक भिंत पांढरी झाली. टेबलावर संगमरवरासारखा दिसणारा कागद चिकटवला गेला. त्या टेबलावर जेवायची बंदी, त्यामुळे तिचा नवरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने जेवायचा. "मी कॅमेऱ्यात येत नाही ना? मग एक पोळी वाढ," असं म्हणायचा बिचारा. चौकटीबाहेर धुण्याचा ढीग, मोडकी बाबागाडी, रिकामी खोकी. आणि कॅमेऱ्यामागे मी. मी फोटो स्टुडिओत काम करते, ओळखपत्रांचे फोटो काढते. दिवसभर लोकांना 'हनुवटी थोडी खाली' म्हणून कंटाळलेली बाई मी. तिच्या व्हिडिओखाली लोकांनी 'किती सुंदर काढलाय' लिहिलं की मला गुदगुल्या व्हायच्या. लाज वाटते, पण व्हायच्या.

पिटुकलीला इसब आहे. कोपरांच्या खळग्यांत आणि गुडघ्यांमागे कातडी लाल होते, फुटते, खाजते. डॉक्टरांनी बोटाएवढ्या ट्यूबमधलं मलम दिलं होतं, त्याने बरं वाटायचं. तिच्या चौथ्या वर्षी त्याच कंपनीचं नवं क्रीम आलं, लहान मुलांच्या कोरड्या कातडीसाठी. एकवीस दिवसांत तीन व्हिडिओ करायचे: पहिला दिवस, दहावा, एकविसावा. जमलं तर पुढे वर्षभराचं काम. बहिणीने पहिला व्हिडिओ पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता.

"मॉमा, व्हिडिओ गोड आहे, पण स्किन तर एकदम मस्त दिसतेय!"

"हो ना, डॉक्टरांच्या मलमाने..."

"नाही, नाही, तो विषयच नको. थोडी लाली दिसायला हवी ना आधी."

"मग थोडा रंग लावून..."

"अजिबात नाही! मेकअप नाही, फिल्टर नाही. आमची कंपनी खरेपणाच्या बाबतीत फार कडक आहे. सगळं ओरिजिनल हवं. घाई नाही मॉमा, चार-पाच दिवस थांबा."

बघा, मलम बंद करा असं कुणीही म्हणालं नाही. उद्या कोर्टात उभं केलं तरी त्या मुलीच्या तोंडून एक वाकडा शब्द निघालेला सापडणार नाही. फोन ठेवून बहीण उठली आणि ती ट्यूब तिने कपाटावर ठेवली, पोरीचा हात पोचणार नाही अशी.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई. नंतर बरंच होणार आहे ना."

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा पिटुकली दाराच्या कडेवर कोपर घासत होती. "मावशी, तू खाजव ना. आई खाजवू देत नाही." तिच्या गुडघ्यामागची कातडी ओली झाली होती. मला शिसारी आली, आणि ती शिसारी गिळून मी कॅमेरा लावला. पडदा बाजूला केला, कारण उजेडात लाली जास्त चांगली येत होती. 'चांगली येतेय,' असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. ज्या तोंडाने म्हटलं ते तोंड त्यानंतर कितीदा धुतलं, उपयोग नाही.

कंपनीच्या क्रीमला फुलांचा वास होता. ते लावलं की पोर किंचाळायची. तिसऱ्या दिवशी खळग्यांत भेगा पडल्या, तेव्हा बहिणीने मुकाट्याने कपाटावरची ट्यूब खाली काढली. दहाव्या दिवसाचा व्हिडिओ मलमाच्या जोरावर, एकविसाव्याचाही. समोर टेबलावर क्रीमची बरणी. कुठेही फिल्टर नाही. कंपनी खूश झाली आणि तिने स्पर्धा काढली: 'तुमच्या बाळाचा पहिला दिवस पाठवा. खरा फोटो, फिल्टर नको.'

व्हिडिओखाली एका आईने विचारलं होतं, डॉक्टरांचं मलम चालू आहे, ते बंद करून हे लावू का? त्यावर कंपनीने पाठवलेलं उत्तर चिकटवलं गेलं: 'प्रत्येक बाळाची त्वचा वेगळी असते, खूप खूप प्रेम!' त्या दिवशी आम्हा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

"मी कुठे खोटं बोलले?" ती म्हणाली. "लाली खरी होती. गेली तीसुद्धा खरीच गेली."

"कशाने गेली ते?"

"ते कुणी विचारलंच नाही."

"आत्ता या बाईने विचारलंय की!"

"आणि कॅमेरा कुणी धरला होता, ताई?"

मी चप्पल घातली आणि घरी आले. त्या आईला मीही उत्तर दिलं नाही, मूग गिळून बसले.

पंधरा-एक दिवसांनी स्टुडिओत एक बाई आली. पेट्रोल पंपावर काम करणारी. अंगात पंपाचा गणवेश, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. बाळाचे गाल सोलल्यासारखे झाले होते, आणि खाजवू नये म्हणून हातांत मोजे घातलेले. मी सवयीने विचारलं, "गालांवरची लाली काढून टाकू का? मिनिटाचं काम आहे."

"नको, नको! लालीच हवीय," ती हसून म्हणाली. "आज पहिला दिवस आहे ना. माझ्या फोनमध्ये नीट येत नाही, म्हणून म्हटलं स्टुडिओत जावं. ते एकवीस दिवसांचं बघितलं नाहीत का तुम्ही?"

"मलम वगैरे काही...?"

"होतं डॉक्टरांचं. पाच दिवस झाले, बंद केलंय."

फोटोसाठी तिने बाळाचे मोजे काढले. त्याबरोबर दोन्ही हात गालांवर गेले आणि बाळाने असा सूर लावला की मला कॅमेऱ्यामागे उभं राहवेना. मी पुढे आले, ते दोन हात धरले आणि जे काही होतं ते सगळं बोलून टाकलं. कपाटावरची ट्यूब, तिसऱ्या दिवशीच्या भेगा, बरं कशाने झालं ते.

"पण फिल्टर नव्हता," ती म्हणाली. "मी मोठं करून करून पाहिलं होतं."

"नव्हताच. तो व्हिडिओ मीच काढलाय. ती माझी बहीण."

मला वाटलं, आता ही शिव्या घालील. शिव्या खायची माझी तयारी होती, खरं तर ओढच होती. पण तिने एकेक करून मोजे पुन्हा घातले, बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिली.

"म्हणजे मीही तेच केलं," ती म्हणाली. "पाच दिवस."

"तुमची चूक नाही हो. कंपनीने तुम्हाला..."

"कंपनीचं काय घेऊन बसलात, ताई? जाहिरातीवर कोण विश्वास ठेवतं!" ती दारापर्यंत गेली होती. "मी तुमच्या बहिणीचं ऐकून केलं."